दोन घरांत एक सिनेमा

सिनेमा दोन घरांत लावायचा, हे लाविनिया आत्यानं शनिवारी सकाळीच ठरवून टाकलं. पुरुष इनोकेच्या नव्या घरात बसतील, बायका तिच्या घरात. मधे अंगण आणि नीरफणसाचं झाड.

"थोरल्या आत्या, दीड तासाचा तर सिनेमा," सेइनी म्हणाली. "सगळे एकत्र बसून बघू या ना."

"एकत्र म्हणजे तुझा बाप आणि लुपे एका खोलीत?"

"हो."

"आणि पडद्यावर कुणी कुणाचा हात धरला म्हणजे?"

"तसा हात कुणी धरत नाही त्यात."

"मग कसला सिनेमा," ओसायासी मामा उमूच्या भट्टीपाशी बसल्या बसल्या म्हणाला. खड्ड्यातले दगड तापले होते आणि तो अळूच्या पानांच्या पुरचुंड्या एकेक करून लावत होता. इनोकेच्या आईचा भाऊ म्हणून या घरात त्याचा मान शेवटचा, आणि म्हणूनच थट्टा करायची मुभा सगळ्यांत जास्त.

लाविनिया आत्या हसली नाही. सेइनीचा बाप इनोके, लुपे आणि मोने या तिन्ही भावंडांच्या बापाची ती थोरली बहीण. बाप असतानाही या घरात शेवटचा शब्द तिचाच असे. वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत, एका छपराखाली निजत नाहीत. चारचौघांत कुणी सैल बोलायला लागला आणि कुणी नुसतं पुटपुटलं की 'भाऊ-बहीण बसलेत', तर बोलणारा तिथेच गप्प होतो. वावाउ बेटावर हे कुणी कुणाला शिकवत नाही. ऑकलंडला वाढलेल्या पोरीला सांगावं लागतं, एवढंच.

सेइनीनं वाद घातला नाही. सिनेमा तिनं स्वतः केला होता आणि पुढच्या महिन्यात तो ऑकलंडमध्ये दाखवायचा होता. एक बहीण, तिचा स्वमग्न भाऊ, एक बेट. गोष्ट कुणाची आहे हे तिनं कुठेच लिहिलं नव्हतं, पण वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्यालाही ते कळणारच होतं. म्हणून आधी घरच्यांची परवानगी.

आज दुसरंही एक ठरायचं होतं, आणि सिनेमाच्या निमित्तानं सगळे जमले होते ते खरं तर त्यासाठीच. मोनेनं राहायचं कुठे? आई होती तोवर प्रश्न नव्हता. आई गेल्यापासून जुन्या घरात लुपे आणि मोने दोघंच. पाद्र्यानं एकदा प्रार्थनेनंतर इनोकेला बाजूला घेऊन नुसतं विचारलं होतं, "घरी सगळं नीट आहे ना?" इनोकेनं त्यानंतर आपल्या घराच्या मागे एक खोली बांधली. रंगसुद्धा देऊन झाला होता.

*

लुपेनं मोनेला धुतलेला शर्ट घातला, कमरेला मानाची चटई बांधली आणि अंगणाच्या मध्यापर्यंत सोडायला आली.

"दादाकडे बसायचं. सिनेमा संपला की मी इथे झाडाखाली उभी असेन."

"संपला की."

"हो. संपला की."

"बोट सोमवारी सकाळी नेइआफू बंदरातून निघेल," मोने रेडिओवरच्या बाईच्या स्वरात म्हणाला. "प्रवाशांनी आपलं सामान स्वतः सांभाळावं."

"सांभाळतील. जा."

तो गेला. चाळिशी ओलांडलेला, खांद्यांनी रुंद, चालताना हात अंगाला घट्ट लावून. लुपे त्याच्यापेक्षा थोडीच मोठी. तो इनोकेच्या दारात शिरेपर्यंत ती थांबली आणि मग पाय धुऊन लाविनिया आत्याच्या घरात गेली. तिथे बायका चटईवर बसल्या होत्या आणि आत्यानं प्रार्थना सुरू केली होती. आत्याची प्रार्थना लांबते. देवाला सगळं नीट समजावून सांगावं लागतं असं तिचं मत होतं.

*

इनोकेच्या घरात पाद्र्यानं प्रार्थना थोडक्यात आटोपली आणि सिनेमा सुरूही झाला.

पडद्यावर जो मोने झाला होता तो ऑकलंडचा नट होता. नाक सरळ, दात पांढरे.

"मोने, तू भलताच देखणा निघालास रे," मामा म्हणाला.

"तो मोने नाही," मोने म्हणाला. "त्याच्या पायात बूट आहेत."

पुरुष हसले. इनोकेही हसला. त्याला वाटलं होतं तेवढं हे कठीण जाणार नाही. मुलीनं समुद्र छान दाखवला होता, बाजार छान दाखवला होता. बहिणीचं काम करणारी बाई जरा जास्तच रडत होती, पण शहरातल्या लोकांना ते आवडत असेल.

मग ती आंघोळ आली. टाकीजवळची जागा, माडाच्या झावळ्यांचा आडोसा. भाऊ पाठमोरा बसलेला, आणि बहीण त्याच्या डोक्यावर पाणी ओततेय. तोंड दिसत नव्हतं कुणाचंच. खोलीत एकही बहीण नव्हती, तरी पाद्री खोकला आणि दोघा-तिघांनी छताकडे पाहिलं. इनोकेनं मनाशी म्हटलं, गोष्ट आहे. मुलगी परदेशात वाढली, तिला इथलं काय कळणार. तिनं आपलं काहीतरी बनवलंय.

"लुपे असं ओतत नाही," मोने म्हणाला.

पाद्र्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लुपे आधी माझ्या हातावर ओतते. मग मी होय म्हणतो. मग डोकं."

मामा पुढे झुकला. "आई घालायची ना रे तुला आंघोळ?" त्याचा आवाज मऊ होता. तो भाच्याला एक दार उघडून देत होता.

"आई झोपलेली होती. आई उठत नव्हती. लुपे घालते. आज पण घातली. आज शनिवार, डोक्यावरून."

सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी स्वतःचा हात उचलू शकत नव्हती, तरी तिचा हा चाळिशीतला मुलगा दर रविवारी चर्चमध्ये नाहून-माखून, भांग पाडून बसलेला असे. कुणी त्याचा हिशेब मांडला नव्हता. आता तो मांडला गेला, तोही पाद्र्यासमोर.

इनोके उठला आणि चपला न घालता बाहेर पडला.

*

लाविनिया आत्याच्या खिडक्यांना पडदे ओढलेले होते. आतून बाजाराचा गलका ऐकू येत होता, तोच जो त्याच्या घरात केव्हाच होऊन गेला होता. आत्याच्या प्रार्थनेमुळे बायकांचा सिनेमा मागे होता. इनोके खिडकीशी उभा राहून ऐकत राहिला. बाजारानंतर बोटीचा भोंगा. भोंग्यानंतर तो प्रसंग. आणि आत त्याची बहीण बसलेली.

आत जाता येत नव्हतं. हाक मारून सांगता येत नव्हतं, कारण सांगायचं काय? ज्या गोष्टीबद्दल बोलायचं तीच बहिणीसमोर उच्चारायची नाही.

भोंगा वाजला.

विजेची पेटी बाहेरच्या भिंतीला होती. इनोकेनं तिचं झाकण उघडलं आणि बटण खाली ओढलं.

आत अंधार झाला. "गेली वाटतं वीज," कुणीतरी म्हणालं.

"समोर तर आवाज येतोय," इनोकेची बायको मेलेआने म्हणाली.

लाविनिया आत्यानं पडदा सारला. खिडकीबाहेर तिचा भाचा उभा होता, हात अजून पेटीवर.

"इनोके, माझी वीज तू बंद केलीस?"

"हो, आत्या."

"का?"

"पुढचं बायकांनी बघण्यासारखं नाही."

"पुरुषांनी बघितलं?"

"हो."

"मग बायकांच्या डोळ्यांना काय झालंय?"

"सगळ्या बायकांचं नाही म्हणत मी." तो जमिनीकडे बघत होता. "आत्या, लुपे आत बसलीय."

लुपे भिंतीला टेकून बसली होती. तिनं सेइनीकडे पाहिलं. सेइनीनं मान खाली घातली. लहानपणी सुट्टीत आली की ही पोर झावळ्यांच्या मागे उभी असायची. लुपेला तिचे पाय दिसायचे. पोरगी कुणाला बोलली नव्हती. आता एकदम बोलली होती, तीही पडद्यावर.

"आत्या," लुपे हळूच म्हणाली, "त्याला विचारा, मोनेला कुठे सोडलं."

"मोने कुठाय?" आत्यानं खिडकीतून विचारलं.

"येतोय मागून."

मोने आला होताच. तो नीरफणसाखाली थांबला, इकडे-तिकडे बघितलं आणि झाडाभोवती फिरायला लागला. "सिनेमा संपला नाही. लुपे इथे नाही. सिनेमा संपला नाही. लुपे इथे नाही." फेऱ्या वाढत गेल्या तसा आवाजही वाढत गेला.

लुपे उठून ओसरीवर आली. तिला पाहताच इनोके मागे सरला आणि पाठ करून उभा राहिला.

"मी आहे रे. बस इथे पायरीवर."

मोने बसला. पाय हलवत राहिला.

*

मग लाविनिया आत्यानं आपली खुर्ची ओसरीच्या मध्यावर ठेवायला लावली. लुपे दाराच्या आत बसली. इनोके खाली अंगणात, झाडाकडे तोंड करून. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, तरी प्रत्येक वाक्य आत्यातून जात होतं. तिकडून पुरुषही आले आणि जरा लांब गवतावर बसले. दिवस अजून बराच वर होता.

"आत्या, तिला सांगा," इनोके म्हणाला, "आजपासून मोने माझ्याकडे. खोली तयार आहे. असं एका घरात, आणि वर हे… बहिणीचा मान राहिला का काही? माझ्या बहिणीनं असली कामं करायची, आणि ते मला माझ्या पोरीच्या सिनेमातून कळायचं?"

आत्या दाराकडे वळली. "तो म्हणतो, मोनेसाठी खोली तयार आहे." ती कडू भाग गाळून देत असे. ते तिचं कामच होतं.

"त्याला विचारा," लुपे म्हणाली, "आईला पुरेपर्यंत मोने त्याच्याकडेच होता. तेव्हा कुठे ठेवला होता?"

आत्याला हे ठाऊक नव्हतं. तिनं ते पुन्हा म्हटलं नाही, नुसती इनोकेच्या पाठीकडे बघत राहिली.

"खोबऱ्याच्या शेडमध्ये," इनोके शेवटी म्हणाला. "पाहुणे होते, आत्या. सरदारांची माणसं आली होती. हा मधेच बोटींच्या वेळा सांगायला लागला असता तर…"

"बाहेरून कडी लावली होती," लुपे म्हणाली. "तो आतून बोटींच्याच वेळा सांगत होता. मी स्वयंपाकाकडे होते, मला ऐकू येत होतं."

गवतावर कुणीतरी घसा साफ केला.

"आणि तू," आत्या लुपेला म्हणाली. "हे कधीपासून?"

"आईचा हात उचलेनासा झाला तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला थांबवावं लागलं असतं. मग त्याला आंघोळ कुणी घातली असती?"

आत्यानं पदराशी चाळा करावा तसा हातातल्या पंख्याचा दांडा दोन-तीनदा फिरवला.

"मला कुणी सांगितलं असतं तर मी आलो नसतो का?" इनोके म्हणाला.

"तू यायचास की," मामा गवतावरून म्हणाला. "फाटकाशी कंदांची टोपली ठेवायचास आणि तिथूनच वळायचास. पहिलं पीक बहिणीला, एकदाही चुकला नाहीस. आमच्या बहिणींना असा भाऊ मिळाला नाही."

"मग काय करायचं होतं, मामा? बहिणीच्या घरात घुसायचं?"

"नाही बाबा. ते कुठे म्हणतोय मी."

इनोकेच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बहिणीच्या उंबऱ्याचा जेवढा मान ठेवायचा तेवढा त्यानं ठेवला. त्या मानामुळेच तो इतकी वर्षं फाटकाबाहेर राहिला, आणि आत काय चाललंय ते त्याला कळलं नाही. मेलेआने नवऱ्याकडे बघत होती. खोलीचा रंग तिनं निवडला होता. पण शेडच्या कडीचं ऐकल्यापासून ती सरकत सरकत लुपेच्या शेजारी येऊन बसली होती.

"बरं, ते राहू दे," इनोके म्हणाला. "निदान हा सिनेमा बंद करायला सांगा, आत्या. ऑकलंडमध्ये आपली हजार माणसं आहेत. सगळी बघणार."

"ते मी कोण सांगणार?" लाविनिया आत्या म्हणाली. "मी तुझी आत्या. सेइनीची आत्या आत बसलीय. तिनं हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही. तुझ्या पोरांवर तुझ्याआधी तिचा शब्द."

इनोकेनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. आपल्यावर येईल तेव्हा ते असं असेल असं वाटलं नव्हतं.

सेइनी लुपेसमोर येऊन खाली बसली. "लुपेआत्या, मला वाईट दाखवायचं नव्हतं. तुम्ही किती केलंत ते लोकांना कळावं म्हणून…"

"पुढे काय होतं त्यात?"

"कशात?"

"तुझ्या सिनेमात. त्या बाईचं."

सेइनीनं ओठ चावला. "ती त्याला एका संस्थेत ठेवते आणि विमानानं निघून जाते. मोकळी होते."

"आणि त्याचं?"

"सिनेमा विमानावरच संपतो."

"म्हणजे त्याला त्या दिवशी जेवायला कुणी घातलं, ते नाही दाखवलंस."

"नाही."

लुपे थोडं हसली. खरोखरचं हसू होतं ते. "मला बघायचंय. सगळा. आत्या, वीज लावायला सांगा."

आत्यानं सांगितलं. इनोकेनं भिंतीशी जाऊन बटण वर केलं आणि कुणाकडे न बघता किनाऱ्याच्या वाटेनं निघाला. आवाज पोचणार नाही इतक्या लांब जायचं होतं त्याला. मामा पाठोपाठ गेला. "चल, मीही येतो. माझे पाय आखडलेत," असं काहीतरी म्हणत.

*

बायकांनी सिनेमा संपेपर्यंत बघितला. मोने पायरीवर बसून होता. आंघोळीच्या प्रसंगाला कुणी छताकडे बघितलं नाही; मेलेआने रडली. लुपे रडली नाही. पडद्यावरची बाई विमानात खिडकीपाशी बसली, खाली बेट लहान होत गेलं, तेव्हा मात्र ती जरा पुढे सरकली होती.

"बरी दाखवलीस," ती सेइनीला म्हणाली. "खिडकीची जागा दिलीस तिला."

लाविनिया आत्यानं इतर बायकांना जेवणाचं बघायला पाठवलं. मग खुर्ची लुपेजवळ ओढली.

"तुलाही जायचंय का?"

"कुठे?"

"खिडकीच्या जागेवर."

लुपेनं विचार केला. ती देवासमोर बसल्यावर जसं खरं तेवढंच बोलते, तसंच ती आत्याशीही बोलत असे. "नाही. मोने माझ्याकडेच हवाय मला. तिकडे त्याला पुन्हा कडी लावतील. आज नाही लावणार, पण पाहुणे आले की लावतील."

"मग?"

"दमते हो, आत्या. शनिवारी गायनाच्या तालमीला कधी वेळेवर पोचत नाही. पहिलं गाणं नेहमी बाहेरूनच ऐकते मी. एरवी त्याची आंघोळ संध्याकाळीच असते, आणि केस वाळल्याशिवाय मी त्याला बाहेर नेत नाही." ती थांबली. "एवढंच. हे कुणाला सांगायचं, ते कळत नव्हतं."

लाविनिया आत्या उठून ओसरीवर गेली आणि किनाऱ्याकडून परतणाऱ्या इनोकेला थांबवलं. निर्णय सांगताना ती उभी होती, त्यामुळे सगळे खाली बसले.

"सिनेमा सेइनी दाखवेल. तिच्या आत्याची हरकत नाही. मोने लुपेकडेच राहील. रात्री निजायला मेलेआने तिथे जाईल, म्हणजे एका छपराखाली दोघंच असं होणार नाही. आंघोळ आजपासून इनोके घालेल. लुपेच्या अंगणात, टाकीपाशी. त्यानं घरात पाऊल टाकायचं नाही आणि तिनं बाहेर बघायचं नाही. मी मधे बसेन."

"आज तर झाली त्याची," इनोके म्हणाला.

"पुन्हा घाल. दिवसभर घामेजलाय."

"मी रोज यायचं?"

"रोज. परसातली खोली बांधायला वेळ मिळाला ना तुला?"

नाही म्हणायला इनोकेला कुठे बोट ठेवता येत नव्हतं. आत्यानं त्याला बहिणीच्या सेवेलाच लावलं होतं, आणि भावाचं काम तेच.

*

ऊन उतरल्यावर तो आला. बादली, साबण, टॉवेल त्यानं स्वतःच्या घरून आणलं होतं. आत्या खुर्चीवर, दोघांच्या मधे. लुपे आत भजनांचं पुस्तक घेऊन बसली. तालमीची घंटा अजून झाली नव्हती.

"ये," इनोकेचा आवाज आला.

"लुपे घालते."

"आज मी."

"लुपे घालते. लुपे घालते."

बादली उलटल्याचा आवाज झाला. पाणी वाहत दाराच्या पायरीपर्यंत आलं. मोने ओरडला, एकदाच, पण लांब. लुपे उठून उभी राहिली.

"बस," आत्या बाहेरून म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलंही नव्हतं.

लुपे बसली.

मग टाकीचा नळ पुन्हा सुटला. "अरे, मला भिजवलंस की," इनोके म्हणाला, आणि थोड्या वेळानं, हळू, "डोळे मीट. मीट ना. मला येत नाही रे हे, सांभाळून घे." मोनेचं उत्तर ऐकू आलं नाही. पाण्याचाच आवाज येत राहिला, मधे थांबे, पुन्हा येई. लुपेनं पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं.

घंटा झाली. फाटक वाजलं, इनोके गेला असावा. आत्याची खुर्ची करकरली.

मोने आत आला तेव्हा शर्टाची बटणं एक घर वर लागली होती आणि टॉवेल खांद्यावरच राहिला होता. केसांतून पाणी गळत होतं. उजव्या कानाच्या मागे साबणाचा फेस होता, पांढरा, वाळत चाललेला. लुपेचा हात आपोआप पुढे गेला.

मग तिनं तो मागे घेतला, आपल्या कमरेची चटई नीट केली, ओल्या केसांनिशीच मोनेला पुढे घातलं आणि तालमीला निघताना दार ओढून घेतलं. फेस तिनं तसाच राहू दिला.